दाल्लापिक्कोलाचे व्हायोलिन-पियानो संगीत : नव्याने ऐकू आणि वाजवू पाहणाऱ्यांसाठी

लुईजी दाल्लापिक्कोला या इटालियन संगीतकाराच्या व्हायोलिन-पियानोच्या रचना मी आणि माझ्या पियानो वाजवणाऱ्या मैत्रिणीने जवळजवळ दीड वर्ष घोटल्या. त्यांतले पहिले चार महिने जवळपास फुकट गेले, कारण बारा स्वरांचे संगीत (सप्तकातल्या बाराही स्वरांना सारखाच मान देणारे) म्हणजे आधी मोजायचे आणि मग वाजवायचे असा आमचा ठाम समज होता. तो समज उलटा ठरला. या संगीतकाराच्या बाबतीत आधी गायचे, मग वाजवायचे आणि मोजायचे असेल तर सर्वांत शेवटी, हा क्रम आम्हाला फार उशिरा सापडला. ज्यांना व्हायोलिन किंवा पियानो बऱ्यापैकी येतो, पण ज्यांनी विसाव्या शतकातले असे संगीत कधी हाताळलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांना केवळ ऐकायचे आहे त्यांनी पहिले चार टप्पे वाचले तरी पुरेल.

जवळ काय काय असावे

स्वरलिपीच्या दोन प्रती लागतील : पियानोची पूर्ण प्रत, जिच्यात वरच्या ओळीवर व्हायोलिनही छापलेले असते, आणि व्हायोलिनची सुटी प्रत. मऊ शिसाची पेन्सिल, दोन वेगळ्या रंगांच्या पेन्सिली आणि खोडरबर हवे. मेट्रोनोम फोनवरचा चालेल. नुकताच ट्यून केलेला पियानो असेल तर उत्तम. नसेल तर चांगला डिजिटल पियानो घ्यावा, कारण बेसूर पियानोवर हे संगीत शिकणे अशक्य आहे. इटालियन सूचनांचा छोटा कोश हाताशी असावा. तानपुऱ्याचे ॲप मात्र या कामापुरते बंद ठेवावे. त्याचे कारण तिसऱ्या टप्प्यात येईल.

१. कोणती रचना कोणती, हे आधी नक्की करा

दाल्लापिक्कोला ३ फेब्रुवारी १९०४ रोजी इस्त्रिया द्वीपकल्पातील पिसीनो या गावी जन्मला. ते गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होते आणि आज क्रोएशियात आहे. वडील इटालियन भाषेतील शाळेचे मुख्याध्यापक होते. पहिल्या महायुद्धात तेवढ्यावरून कुटुंबाला संशयित ठरवून ग्राट्स येथे स्थानबद्ध ठेवले गेले. तिथल्या ऑपेरागृहात वाग्नर ऐकून या मुलाने संगीतकार व्हायचे ठरवले. १९२२ साली तो फ्लॉरेन्सला आला आणि १९७५ मध्ये तिथेच वारला. १९२४ साली त्याच शहरात बारा स्वरांच्या तंत्राचा जनक शोनबर्ग याने स्वतः सादर केलेली रचना ऐकून तो हादरून गेला होता, तरी ते तंत्र पूर्णपणे आत्मसात करायला त्याने जवळपास दोन दशके घेतली. तो स्वतः पियानोवादक होता आणि व्हायोलिनवादक सांद्रो मातेरास्सी याच्याबरोबर १९३० पासून अनेक वर्षे जोडीने कार्यक्रम करीत असे. हे सांगण्याचे कारण असे की व्हायोलिन-पियानोच्या या रचना टेबलावर बसून केलेली गणिते नाहीत; दोन वाजवणाऱ्या माणसांच्या सहवासातून त्या आल्या आहेत.

नवख्या माणसाला दोन शीर्षके पुरेत. पहिले ‘दूए स्तूदी’, म्हणजे ‘दोन अभ्यास’, १९४६-४७. यात ‘साराबांदा’ आणि ‘फान्फारा ए फूगा’ असे दोन भाग असून दोन्ही मिळून साधारण दहा मिनिटे लागतात. हे खरे द्वादशस्वरी, म्हणजे बारा स्वरांचे, संगीत. दुसरे ‘तार्तिनियाना सेकोंदा’, १९५६ च्या सुमाराचे, अठराव्या शतकातील व्हायोलिनवादक जुझेप्पे तार्तिनी याच्या सुरावटींवर बांधलेले.

सापळा क्रमांक एक इथेच आहे. तार्तिनियाना द्वादशस्वरी नाही. संगीतकार द्वादशस्वरी म्हणून प्रसिद्ध, म्हणून त्याची प्रत्येक रचना तशीच असणार असे धरून मी दोन संध्याकाळी रंगीत पेन्सिली घेऊन त्यात बारा स्वरांची ओळ शोधत बसलो होतो. ती सापडणारच नव्हती, कारण तिथे सरळ जुन्या पद्धतीच्या स्वरपट्ट्या आहेत.

२. योग्य प्रत मिळवा

दूए स्तूदी मिलान येथील सुविनी झेरबोनी या प्रकाशन संस्थेने छापले आहे. भारतात ही प्रत दुकानाच्या फळीवर सहसा मिळत नाही; परदेशातून मागवावी लागते. म्हणून कार्यक्रमाची तारीख ठरवण्याआधी प्रत मागवा.

मागणी नोंदवताना शीर्षकाबरोबर वाद्यांची नावेही लिहा. दूए स्तूदीचेच वाद्यवृंदासाठी केलेले रूप ‘दूए पेत्सी’ या नावाने आहे, तर १९५१ ची पहिली ‘तार्तिनियाना’ मुळात व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी आहे. ‘सेकोंदा’ हा एक शब्द गाळला की वेगळेच पुडके घरी येते.

इंटरनेटवरून फुकट प्रत उतरवून घेण्याचा सल्ला कोणी देईल. भारतीय कायद्यानुसार संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात, म्हणजे या संगीतावरचे हक्क २०३५ च्या अखेरपर्यंत शाबूत आहेत. इटलीत ही मुदत ७० वर्षांची आहे. शिवाय अशा उतरवलेल्या प्रतींत पाने तिरकी, कडेच्या सूचना कापलेल्या आणि शार्प-फ्लॅटच्या खुणा पुसट असतात. जिथे एका खुणेने सगळा अर्थ बदलतो तिथे ही काटकसर परवडत नाही.

३. प्रथम ऐका, पण ‘सा’ शोधू नका

आपल्या कानाला लहानपणापासून एक सवय असते. सूर कानी पडला की मन आपोआप त्याचा षड्ज शोधते आणि बाकीचे सूर त्याच्या घरी येणारे-जाणारे पाहुणे होतात. द्वादशस्वरी संगीतात सप्तकातल्या बाराही स्वरांना सारखाच मान असतो आणि त्यांतला एकही घराचा मालक नसतो. पार्श्वभूमीला तानपुरा चालू ठेवून हे ऐकले, तर प्रत्येक स्वर त्या षड्जाशी भांडताना ऐकू येतो, आणि ‘हे बेसूर आहे’ असा निर्णय दोन मिनिटांत होतो. मी हा प्रयोग करून पाहिलेला आहे, करू नये.

मग ऐकायचे काय? पहिल्या खेपेला स्वरलिपी न उघडता फक्त रेषेकडे लक्ष द्या : व्हायोलिन कुठे चढते, कुठे थबकते, कुठे श्वास घेते. दुसऱ्या खेपेला पियानोकडे वळा आणि व्हायोलिनने नुकतीच काढलेली आकृती पियानो पुन्हा कुठे काढतो ते पाहा. तिसऱ्या खेपेला स्वरलिपी समोर घ्या. या क्रमाने साराबांदा ऐकली तर तिच्यातली गाण्याची ओढ ध्यानात येते. दाल्लापिक्कोला इटालियन आहे आणि गळ्यासाठी त्याने विपुल लिहिले आहे. त्याच्या वाद्यसंगीतातही रेषा गात राहते, आणि व्हिएन्नाच्या त्याच्या गुरुस्थानी असलेल्या संगीतकारांपेक्षा तो मला जवळचा वाटतो तो यामुळेच.

४. बारा स्वरांची ओळ गळ्यातून काढा

तंत्राचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो. संगीतकार बाराही स्वर एकदाच येतील असा एक क्रम ठरवतो. मग तो क्रम सुलट, उलट, आरशातल्यासारखा (जिथे चढ तिथे तितकाच उतार) आणि आरशातला उलट अशा चार रूपांत, प्रत्येक रूप बारांपैकी कोणत्याही स्वरापासून सुरू करून, म्हणजे एकूण ४८ प्रकारे वापरतो. ज्यांनी पलटे घोटले आहेत किंवा विलोमकाव्य वाचले आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटू नये.

सरावासाठी दूए स्तूदीऐवजी दाल्लापिक्कोलाची दुसरी ओळ घ्यावी असे मी सुचवेन. १९५२ साली, मुलगी आन्नालिबेरा आठ वर्षांची झाली तेव्हा, त्याने तिच्या नावाने पियानोच्या अकरा छोट्या तुकड्यांची एक वही लिहिली. त्या वहीची ओळ नवशिक्याला समजायला सोपी आहे. पाश्चात्त्य ‘सी’ला केवळ नावापुरता सा म्हटले, तर ती अशी येते :

कोमल नी, शुद्ध नी, कोमल ग, तीव्र म, कोमल ध, शुद्ध रे, कोमल रे, शुद्ध म, प, सा, शुद्ध ध, शुद्ध ग.

पियानोवर एकेक स्वर दाबत ही ओळ हळूहळू गा. सप्तक सोयीने वर-खाली करा, पण क्रम मोडू नका. आता दुसरा, तिसरा आणि चौथा स्वर पाहा. शुद्ध नीला क्षणभर सा मानले, तर हे तीन स्वर चक्क सा-ग-प होतात. शेवटचे तीन घ्या. शुद्ध धला सा मानले, तर तिथे सा, कोमल ग आणि प हे तिन्ही मिळतात. म्हणजे ओळीच्या पोटात कानाला ओळखीची दोन घरे ठेवलेली आहेत. कान दाराशी पोहोचतो न पोहोचतो तोच पुढचा स्वर त्याला तिथून उठवतो. ही हुरहुर म्हणजेच या संगीतकाराची चव आहे आणि ती कागदावर आकडे मांडून कळत नाही.

आता आरसा करून पाहा. त्याच कोमल नीपासून निघून जिथे चढ होता तिथे तितकेच उतरा : कोमल नी, शुद्ध ध, शुद्ध म, शुद्ध रे आणि असेच पुढे. मघाचे सा-ग-प आरशात ध-म-रे झाले. रेला सा मानले तर त्यात ग कोमल आहे. मेजरचा मायनर झाला. हे एवढे एकदा स्वतःच्या गळ्याने अनुभवले, की ४८ रूपांचा तक्ता भिंतीवर लावण्याची गरज उरत नाही. आम्ही लावला होता; त्याचा उपयोग पाहुण्यांना बुचकळ्यात टाकण्यापलीकडे झाला नाही.

५. वाजवायला तार्तिनियाना सेकोंदापासून सुरुवात करा

तार्तिनी १६९२ साली पिरानो येथे जन्मला. ते गाव आज स्लोव्हेनियात असले तरी इस्त्रियाच्याच किनाऱ्यावर आहे. म्हणजे दाल्लापिक्कोला आपल्याच मुलखातल्या पूर्वजाकडे वळला होता. पास्तोराले, बुरे नाचाची चाल, एक अतिशय हलका द्रुत भाग आणि शेवटी व्हेरिएशन्स, असे या रचनेचे भाग आहेत. सुरावटी जुन्या आणि गोड आहेत, पण पियानो त्यांच्याशी कॅनन खेळतो, म्हणजे एकाच ओळीचा ठरावीक अंतराने पाठलाग करतो. बारा स्वरांच्या रचनांत हेच पाठलाग अनोळखी स्वरांत होतात, तेव्हा आधी ओळखीच्या स्वरांत ते कानाने पकडायला शिकणे शहाणपणाचे.

सराव असा करा. व्हायोलिनवाल्याने आपली ओळ बाजूला ठेवून पियानोच्या उजव्या हाताची ओळ व्हायोलिनवर वाजवावी आणि पियानोवाल्याने व्हायोलिनची ओळ गावी. आठवडाभर हे केले की कोण कोणाच्या मागे धावत आहे हे विचारावे लागत नाही.

हिंदुस्थानी पद्धतीने शिकलेल्या वादकांसाठी स्वतंत्र सूचना : तारा सा-प-सा-प अशा मिळवलेल्या असतील तर त्या पाश्चात्त्य जी-डी-ए-ई प्रमाणे पुन्हा मिळवाव्या लागतील, आणि तार एकदम ताणण्यापेक्षा दोन-तीन दिवसांत चढवणे चांगले. शक्य असेल तर यासाठी दुसरे वाद्यच ठेवा. मांडी घालून, वाद्याचे टोक पायावर टेकवून वाजवण्याच्या बैठकीत डावा हात मींडेसाठी मोकळा असतो. इथल्या मोठ्या उड्यांसाठी उभे राहून, हनुवटीखाली वाद्य धरणेच सोयीचे पडते.

६. साराबांदा : स्वर कुठे लावायचा हा खरा प्रश्न

पाने पाहिली तर साराबांदा सोपी वाटते. लय संथ, आवाज बहुतांशी हळू, बोटांची धावपळ नाही. आम्हाला मात्र सर्वांत जास्त वेळ तिनेच लावला.

पहिली अडचण स्वरस्थानाची. व्हायोलिनवादकाचा कान शुद्ध गांधार नैसर्गिक जागी लावतो, सापासून सुमारे ३८६ सेंटवर (पियानोच्या दोन शेजारच्या स्वरांतले अंतर १०० सेंट). पियानोचा गांधार ४०० सेंटवर असतो. हा १४ सेंटांचा फरक रागसंगीतात गोडवा आणतो, पण इथे पियानोने नुकताच उच्चारलेला स्वर व्हायोलिनने त्याच जागी उचलायचा असतो, आणि तो खाली लागला तर पाठलागच तुटतो. दुसरी खोड याच्या उलट : शार्प दिसला की तो वरच्या स्वराकडे ओढून किंचित चढा लावण्याची सवय पाश्चात्त्य पद्धतीत शिकलेल्यांना असते. द्वादशस्वरी लिखाणात जी शार्प आणि ए फ्लॅट हा एकच स्वर आहे; तो कुठेही ओढला जात नाही. म्हणून महिनाभर तरी प्रत्येक लांब स्वर पियानोबरोबर धरून तपासा. एक जुनी युक्तीही कामाला येते. दोन स्वर एकत्र जोरात वाजवले की खाली तिसरा मंद स्वर गुणगुणतो. १७१४ साली ही गोष्ट प्रथम लक्षात आल्याचे तार्तिनीनेच सांगितले आहे. तो तिसरा स्वर ऐकायला शिकलेला कान बारीक फरक चटकन पकडतो.

दुसरी अडचण मींडेची. हळू, विरक्त ओळ दिसली की आपला हात आपसूक घसरतो. लिहिलेले नसेल तिथे घसीट घेऊ नका आणि व्हायब्रेटोही काटकसरीने वापरा.

तिसरी गोष्ट मात्राभाराची. साराबांदा हा मुळात तीन मात्रांचा संथ नाच आणि त्याचा तोल दुसऱ्या मात्रेवर रेलतो. स्वर अनोळखी असले तरी ही नाचाची आठवण अंगात ठेवली, तर वाक्ये आपोआप तुटतात-जुळतात. मेट्रोनोम फक्त पहिल्या दोन आठवड्यांपुरता वापरा. नंतर दोघांनी एकत्र श्वास घ्यायला शिका.

या रचनेचे बीज एका माहितीपटासाठी योजलेल्या संगीतात आहे. तो माहितीपट आरेत्सो येथील सान फ्रान्चेस्को चर्चमधल्या, पिएरो देल्ला फ्रांचेस्काने पंधराव्या शतकात रंगवलेल्या भित्तिचित्रांवर होता. त्या चित्रांचे फोटो सरावाच्या खोलीत जरूर लावा. त्यातली माणसे ऐन लढाईतही विलक्षण स्थिर, फिकट उजेडात थिजल्यासारखी उभी आहेत. साराबांदेचा आवाज कसा हवा याची कल्पना आमच्या शिक्षकांच्या शब्दांपेक्षा त्या चेहऱ्यांवरून मला जास्त आली.

७. फान्फारा ए फूगा : जोर आधी लावू नका

दुसरा भाग तुतारीच्या ललकारीने उघडतो आणि फ्यूगमध्ये, म्हणजे एकच वाक्य आळीपाळीने वेगवेगळ्या आवाजांत येते अशा रचनेत, शिरतो. त्या भित्तिचित्रांत बायझंटाइन सम्राट हेराक्लियस आणि इराणचा राजा खुस्रो यांच्या लढाईचा प्रसंग आहे आणि त्यात लांब शिंग फुंकणारा एक माणूस दिसतो. ललकारी वाजवताना मला तोच आठवतो. पण ही ललकारी विजयाची समजू नका. इटलीतल्या १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी दाल्लापिक्कोलाच्या ज्यू पत्नीवर संकट आणले होते, आणि दूए स्तूदी लिहिले त्याच काळात तो एका कैद्यावरचा ऑपेरा पूर्ण करीत होता. त्या हातून आलेली तुतारी उत्सवी वाजली तर चूक वाजली.

नवखे लोक इथे पहिल्या दिवसापासून पूर्ण जोरात वाजवतात, गज तारेवर दाबतात आणि दहा मिनिटांत खांदा धरतो. पहिले तीन आठवडे हा भाग निम्म्या लयीत आणि हळू आवाजात वाजवा. जोर गजाच्या वेगातून आला पाहिजे, दाबातून नाही. पियानोवाल्यानेही पेडल जपून वापरावे. ललकारीचा गोंगाट झाला की पुढच्या फ्यूगचे पहिले वाक्य कोणाला कळत नाही.

फ्यूगसाठी रंगीत पेन्सिली बाहेर काढा. मुख्य वाक्य जिथे जिथे येते तिथे एका रंगाने कंस करा. ते आरशातले किंवा उलटे असेल तर दुसऱ्या रंगाने. या टप्प्यावर, म्हणजे बोटे आणि कान तयार झाल्यावर, मोजणीचा खरा उपयोग होतो. ज्याच्याकडे वाक्य आहे त्याने पुढे यायचे आणि दुसऱ्याने मागे सरायचे, इतका साधा निर्णय त्या रंगांवरून घेता येतो. आपल्या खुणा दुसऱ्याच्या प्रतीतही उतरवा, नाहीतर तालमीचा निम्मा वेळ ‘तू कुठे आहेस?’ विचारण्यात जातो.

८. लोकांसमोर वाजवताना

पहिला कार्यक्रम घरीच, पंधरा-वीस लोकांसमोर करा. तार्तिनीचा मूळ सोनाटा, मग तार्तिनियाना सेकोंदा, मग दूए स्तूदी, हा क्रम श्रोत्यांना एकेक पायरी उतरवत नेतो. निवेदन तीन मिनिटांचे ठेवा आणि त्यात ४८ हा आकडा उच्चारू नका. आन्नालिबेराच्या वहीतली ओळ एकदा गाऊन दाखवा, तिच्यातले ते लपलेले सा-ग-प दाखवा आणि वाजवायला लागा.

साराबांदा संपल्यावर गज लगेच खाली घेऊ नका, नाहीतर टाळ्या पडतात आणि ललकारी त्या टाळ्यांतून सुरू करावी लागते. आणि शक्य असेल तर कार्यक्रमाच्या शेवटी, चहा येण्याआधी, साराबांदा पुन्हा एकदा वाजवा. आमच्याकडे पहिल्या वेळी खुर्च्या करकरत होत्या. दुसऱ्या वेळी पियानोचे पेडल सोडल्याचा आवाजही ऐकू आला.